लोणावळ्यातले आल्प्स

कादंबरीवर टीका लिहिली जाते, नाटकावर लिहिली जाते, नाटकाच्या नेपथ्यावरही चार शब्द लिहिण्याची पद्धत आता पडली आहे. परंतु एखादा माणूस आपल्या राहत्या घरातल्या एका खोलीत डोंगर उभे करतो, त्यांच्या कुशीत गाव वसवतो, ओढ्यावर पूल बांधतो आणि त्या पुलावरून वेळापत्रकाप्रमाणे आगगाडी नेतो, त्या कलेवर लिहिलेला टीकालेख माझ्या तरी पाहण्यात आलेला नाही. छोट्या आगगाडीच्या ह्या संसाराला हौशी मंडळी ‘लेआउट’ म्हणतात. मी ‘मांडणी’ म्हणेन. गौरीपुढची मांडणी, रुखवताची मांडणी हे शब्द आपल्या घरांत आहेतच. त्यांत आणखी एकीची भर पडली म्हणून बिघडत नाही. मांडणी पाहायला आलेले पाहुणे “काय हो बारीक काम!” असे म्हणतात, बरोबरच्या मुलाला “हात लावू नकोस” असे दटावतात, आणि तेथेच तिची समीक्षा संपते. मला हे अन्यायाचे वाटते. मांडणी करणाऱ्याला पावलोपावली ठरवावे लागते की काय घ्यायचे आणि काय सोडायचे. जेथे अशी निवड आहे तेथे टीकेलाही काम आहे.

वाचकांपैकी बहुतेकांनी अशी मांडणी जवळून पाहिली नसेल, म्हणून दोन गोष्टी आधी सांगतो. जगभर सर्वांत जास्त चालणारे माप एचओ नावाचे आहे. त्यात जग ८७ पट लहान होते आणि दोन रुळांतले अंतर साडेसोळा मिलिमीटर राहते. हे अंतर युरोपातल्या १४३५ मिलिमीटरच्या रुळांवरून काढलेले आहे. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची. तिला ८७ ने भागले तर सव्वाएकोणीस मिलिमीटर येतात. म्हणजे आपल्याकडचे इंजिन ह्या मापात केले आणि बाजारच्या रुळांवर ठेवले, की त्याचे पाय जवळजवळ तीन मिलिमीटरनी आखडतात. तालमीतल्या पहिलवानाने धाकट्या भावाच्या वहाणा घातल्यासारखे ते दिसते. दिसते म्हणजे जाणत्याला दिसते. हातभर अंतरावरून पाहणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही, आणि मी स्वतः ह्या तीन मिलिमीटरांबद्दल कोणाला दोष देणार नाही. रंगभूमीवरच्या दिवाणखान्याला चौथी भिंत नसते, म्हणून आपण तिकिटाचे पैसे परत मागत नाही. मांडणीतही काही असत्ये ही करारातली असतात. करारात नसलेली असत्ये कोणती, हा खरा प्रश्न आहे.

आपल्याकडची सर्वांत नावाजलेली मांडणी पुण्यात कोथरूडला आहे. भाऊ जोशी ह्यांनी आयुष्यभराच्या छंदातून उभे केलेले लघुरेल्वेचे हे संग्रहालय १९९८ मध्ये लोकांना खुले झाले. सिग्नल, उड्डाणपूल, दिव्यांचे खांब, सर्कशीचा तंबू, पोहण्याचा तलाव, मोटारीत बसून सिनेमा पाहण्याचे पटांगण, आणि ह्या सर्वांमधून वाफेच्या इंजिनापासून अतिवेगवान गाडीपर्यंत नाना तऱ्हेच्या गाड्या. निवेदन चालू असते, मग उजेड मंदावतो, रात्र होते आणि इवल्या खिडक्यांतून दिवे लागतात. त्या क्षणी प्रेक्षकांतून जो ‘आऽहा’ उमटतो तो मी ऐकला आहे, आणि त्यात माझाही सूर होता. ही मांडणी पाहताना मला परदेशातले कोणतेही संग्रहालय आठवले नाही; आठवले ते पुण्याच्या गणेशोत्सवातले हलते देखावे. तोच निवेदनाचा आवाज, तोच प्रकाशाचा खेळ, तीच गर्दी, तोच पोराला खांद्यावर घेतलेला बाप. ह्या नात्याने पाहिले तर ती अस्सल पुणेरी वस्तू आहे. परंतु तिच्यातले शहर कोणते, असे विचारले तर उत्तर देता येत नाही. ते कुठलेच नाही. जगातल्या सगळ्या रेल्वेगाड्या एके ठिकाणी दाखवायच्या म्हटल्यावर गावाला स्वतःचे तोंड राहू शकत नाही, आणि संग्रहालयाचे काम दाखवण्याचे आहे, म्हणून मी तेथे हट्ट धरणार नाही. घरातल्या मांडणीची गोष्ट निराळी. तिच्यावर कोणाला काही दाखवण्याची सक्ती नसते. तिथे माणूस आपल्या मनातले गाव बांधायला मोकळा असतो.

आणि म्हणूनच लोणावळ्यात पाहिलेल्या एका मांडणीने मला बेचैन केले.

ती एका निवृत्त गृहस्थांची आहे. नाव सांगत नाही. त्यांना पाहुण्यांची फारशी हौस नाही, आणि त्यांच्या पत्नीला त्याहून नाही. दहा फूट बाय पाच फुटांचा तक्ता, त्याच्यावर दोन फेऱ्यांचा मार्ग, आणि मध्ये आल्प्स. शिखरांवर बर्फ, बर्फाखाली सूचिपर्णी वृक्षांच्या रांगा, त्यांच्याखाली लाकडी पट्ट्यांची उतरत्या छपरांची घरे, निमुळत्या मनोऱ्याचे देवालय, कुरणात तपकिरी गायी. स्टेशनवर टोपी आणि ओव्हरकोट घातलेली माणसे उभी. कारागिरीत खोट काढायला जागा नाही. खडीचा प्रत्येक दाणा बसवलेला, सिग्नलच्या तारा दिसतील इतक्याच दिसणाऱ्या, पुलाखालच्या पाण्याला खोली आलेली. मी पाऊण तास पाहत उभा होतो. मग मान वर केली तर खिडकीतून समोर नागफणीचा सुळका दिसत होता, आणि त्याच्याखालून कोठेतरी घाट चढून येणाऱ्या मालगाडीची धडधड ऐकू येत होती.

मी त्यांना विचारले, “हा घाट दारात असताना तुम्ही स्वित्झर्लंड का केलेत?”

ते म्हणाले, “अहो, घाट तर रोजच दिसतो. जे दिसत नाही तेच करायचं ना?”

हे उत्तर सहज बाजूला सारण्यासारखे नाही. कलेने डोळ्यांसमोरचेच दाखवावे असा कायदा कोणी केलेला नाही. विदर्भातल्या उन्हाळ्यात बसून कोणी समुद्रावर कविता लिहिली तर आपण तिला खोटी म्हणत नाही. पुन्हा हे गृहस्थ कधी परदेशी गेलेले नाहीत. ज्या गाडीत बसायला मिळाले नाही ती त्यांनी घरात चालवली. त्या हौसेत एक करुण गोडवा आहे, आणि ज्याला तो जाणवत नाही त्याने ह्या कलेवर लिहूच नये.

परंतु माझी शंका निराळी आहे. ते स्वप्न त्यांचे होते का? छोट्या गाड्यांचे मोठे कारखाने जर्मनी-ऑस्ट्रियाकडचे. घरांच्या, झाडांच्या, माणसांच्या तयार पेट्या तिकडच्याच. त्या कारखानदाराच्या गिऱ्हाइकाला आल्प्स खरेच खिडकीतून किंवा सुट्टीत दिसतात. तो डोंगर त्याच्या आठवणीतला आहे. तिकडून निघालेली पेटी लोणावळ्याला पोहोचते तेव्हा आठवण तिकडेच राहिलेली असते आणि झाकणावरचे चित्र तेवढे येते. त्या खोलीतल्या डोंगरात मला हेच दिसले. देवालय कोणत्या गावचे, गायी कोणाच्या, स्टेशनावरची माणसे कोठे निघाली आहेत, ह्यांतल्या कशालाही मांडणीत उत्तर नव्हते. पेटीत जितके होते तितके मांडले गेले होते. कादंबरीकाराने दुसऱ्याच्या कादंबरीतली पात्रे उचलली तर आपण त्याला काय म्हणतो ते सांगायला नको.

एक तांत्रिक कारणही आहे, आणि ते रंजक आहे. लहान जागेत गाडी सतत फिरवायची तर मार्ग गोल करावा लागतो. उघड्यावर गोल फिरणारी गाडी खेळण्यातली वाटते. मग त्या गोलाचा अर्धा भाग झाकायला डोंगर हवा आणि डोंगराला बोगदा हवा. म्हणजे मांडणीतला डोंगर पुष्कळदा रंगमंचावरच्या विंगेचे काम करतो. पात्र आत जाते आणि दुसरीकडून येते. पेटीतली वळणे साधारण छत्तीस सेंटिमीटर त्रिज्येची असतात. आपल्या रेल्वेत ब्रॉडगेजच्या वळणाची त्रिज्या १७५ मीटरहून कमी चालत नाही. ८७ ने भागले तर दोन मीटर. दोन मीटर त्रिज्येचे अर्धवर्तुळ ज्या दिवाणखान्यात मावेल तो मध्यमवर्गीय माणसाचा नव्हे. त्यामुळे ‘आपला घाट करायला जागा कोठे आहे?’ हा प्रश्न प्रामाणिक ठरतो.

बोरघाटाचे आकडे घेतले तर हा प्रश्न आणखी अवघड वाटतो. १८६३ मध्ये खुला झालेला मूळ घाटमार्ग पावणेसोळा मैलांचा, आणि तेवढ्यात १८३१ फूट चढण. एचओ मापात हा मार्ग सुमारे २९० मीटर लांब होईल आणि त्याचा माथा एकवीस फूट उंच जाईल. घराचे दोन मजले फोडून, मागची आळी ताब्यात घेऊन तो मावला तर मावला. मूळ मार्गावरचे पंचवीस बोगदे आणि आठ मोठे पूल करायला बसले तर एक जन्म पुरायचा नाही. तेव्हा घाट जसाच्या तसा करणे हे काम नव्हेच. घाटाचे मर्म कशात आहे ते शोधून तेवढे घ्यायचे, बाकीचे सोडायचे. आणि मजा अशी की हे मर्म शोधायला गेले की बोरघाटच मांडणीवाल्याच्या मदतीला येतो.

जेम्स बर्कली ह्या मुख्य अभियंत्यापुढे सह्याद्रीच्या सोंडेवर हीच अडचण होती: गाडी वळवायला जागा नव्हती. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. वर्तुळ काढावे तर कोठे? त्याने वर्तुळाचा नादच सोडला. खंडाळ्याच्या खाली त्याने एक स्टेशन केले, रिव्हर्सिंग स्टेशन. कर्जतकडून चढत आलेली गाडी तेथे टोकाला जाऊन थांबे, इंजिन सुटून दुसऱ्या तोंडाला लागे, आणि जो डबा आतापर्यंत शेवटचा होता तो पहिला होऊन गाडी उलट्या दिशेने वरच्या मार्गावर चढू लागे. १९२९ मध्ये नवे बोगदे आणि नवा मार्ग झाला तोपर्यंत घाटातून जाणारी प्रत्येक गाडी हा डाव खेळत होती. नागमोडी वळणाऐवजी इंग्रजी झेड अक्षराचा हा तिरपा खेळ जागेच्या टंचाईतून जन्मला. मुंबई-पुण्याच्या सदनिकेत राहणाऱ्या हौशी माणसाची टंचाई निराळी आहे काय?

चढ पाहा. बोरघाटाचा सर्वांत कडक चढ ३७ फुटांत १ फूट. म्हणजे मीटरमागे २.७ सेंटिमीटर. छोटी इंजिने ह्याहून फार जास्त चढावर चाके फिरवत जागच्या जागी राहतात. शेकडा तीनच्या आत राहा, असे जाणते सांगतात. खऱ्या घाटाचा चढ जसाच्या तसा, एका दोऱ्याचाही फरक न करता, घरात आणता येतो. अशी सोय फार थोड्या घाटांनी दिली असेल. आता वीस फुटांची एक भिंत घ्या. डाव्या कोपऱ्यातून एक फळी ह्या चढाने उजव्या कोपऱ्यापर्यंत न्या. सहा मीटरांत ती सोळा सेंटिमीटर चढेल. उजव्या कोपऱ्यात फूटभर रुंद सपाटी ठेवा, ते रिव्हर्सिंग स्टेशन. तेथून दुसरी फळी उलटी डावीकडे न्या, आणखी सोळा सेंटिमीटर. डावीकडच्या कोपऱ्यात, सुरुवातीच्या जागेच्या बरोबर एक फूट वर, खंडाळा आले. अर्धवर्तुळ नाही, लपवायला डोंगर नाही, खोलीच्या मध्यभागी तक्ताही नाही. भिंतीलगत दीड हात रुंदीची जागा गेली, आणि पलंग, कपाट, शिवणाचे यंत्र सगळे जागच्या जागी राहिले. गाडी गोल फिरणार नाही. ती वर जाईल, थांबेल, इंजिन बदलेल, पुन्हा जाईल. पाहणाऱ्याला वाट पाहावी लागेल, आणि घाटातल्या प्रवासाला त्याची स्वतःची लय ह्या थांबण्यातूनच आलेली आहे.

मात्र काळ ठरवावा लागेल. रिव्हर्सिंग स्टेशन हवे तर १९२९ च्या आधी राहावे लागेल, आणि मग डेक्कन क्वीन चालवता येणार नाही. ती १ जून १९३० ला सुरू झाली; तिने त्या स्टेशनचे तोंडही पाहिले नाही. पुष्कळ हौशी मंडळींना दोन्ही हवे असतात. पेशवाईतल्या नाटकात शिपायाच्या मनगटावर घड्याळ दिसले तर आपण हसतो, ते ह्याच कारणाने.

विजेचा काळ हवा असेल त्याने रिव्हर्सिंग स्टेशनाचा मोह सोडावा. त्याला दुसरे धन आहे. घाट चढताना कर्जतला गाडीच्या मागे जास्तीची इंजिने लागतात आणि गाडी पुढून ओढली, मागून ढकलली जाते. उतरताना मंकी हिल, ठाकूरवाडी, जांबरुंग अशा ठिकाणी थांबून गाडीला आपण ताब्यात असल्याची साक्ष द्यावी लागते. निसटलेल्या गाडीसाठी डोंगरात चढत जाणारे आडमार्ग काढून ठेवलेले आहेत. ते मार्ग कधी वापरावे लागू नयेत म्हणूनच बांधलेले. दहा वर्षे चालणाऱ्या मांडणीत एकदाही गाडी जाणार नाही असा एक रूळ कोणी बसवला, तर त्याला घाट कळला असे मी समजेन. मागून ढकलणारे इंजिन चालवणे मात्र कौशल्याचे काम आहे. दोन्ही इंजिनांची गती जुळली नाही तर मधले हलके डबे वळणावर कोपराने ढकलल्यासारखे रुळाबाहेर पडतात. आता प्रत्येक इंजिनाला वेगळी आज्ञा देणारी यंत्रणा आली आहे, त्यामुळे हे साधते.

आणि येथे त्या लोणावळ्याच्या गृहस्थांकडे पुन्हा वळतो, कारण त्यांच्या तक्त्यावरची एक वस्तू माझ्या मनातून गेलेली नाही. त्यांच्या आल्प्समधून जे इंजिन धावत होते ते स्वित्झर्लंडमधले प्रसिद्ध ‘मगर’ इंजिन: दोन्हीकडे लांब नाक, मध्ये उंच खोली, तीन तुकड्यांत वाकणारे अंग, आणि चाकांना फिरवणारे दांडे. मुंबई-पुणे मार्गावर वीज आली तेव्हा मालगाड्यांसाठी १९२८ पासून जी इंजिने आली त्यांचा आराखडा विंटरथुरच्या स्विस कारखान्याचा. पहिली थोडी तेथेच झाली, बाकीची इंग्लंडात. तीच लांब नाके, तेच वाकते अंग, तेच दांडे. आपल्या रेल्वेतल्या माणसांनी त्याला नाव दिले ‘खेकडा’. मगरीचा हा सख्खा भाऊ कित्येक दशके बोरघाटात राबला. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात ‘सर लेस्ली विल्सन’ नावाचा एक खेकडा आज उभा आहे. म्हणजे त्या तक्त्यावर सर्वांत परदेशी वाटणारी जी वस्तू, तीच एकटी घाटाच्या घरची होती. डोंगर बदलला असता तर ते इंजिन आपोआप मायदेशी आले असते.

डोंगर बदलायचा म्हणजे काय करायचे? आल्प्सला हिमनद्यांनी तासले आहे, म्हणून त्याची शिखरे टोकदार. सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर बसून झाला आणि पावसाच्या पाण्याने कापला. ह्या खडकाचे ‘ट्रॅप’ हे नाव जिना ह्या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेले आहे, आणि लोणावळ्याहून राजमाचीकडे नुसते पाहिले तरी ते पटते: ताशीव काळा कडा, मग गवताची आडवी पट्टी, पुन्हा कडा, पुन्हा पट्टी, आणि वर सपाट माथा. आपल्या किल्ल्यांच्या माच्या ह्याच पायऱ्यांवर बसल्या. मांडणीवाले परदेशी पुस्तकाप्रमाणे प्लास्टरचा सुळका ओततात आणि त्यालाच काळा रंग देऊन सह्याद्री म्हणतात. तो सह्याद्री होत नाही, आल्प्सला काजळी लागल्यासारखा दिसतो. पुठ्ठ्याचे किंवा कॉर्कचे आडवे थर एकावर एक रचून, कडा उभ्या तोडून मग लिंपण केले तर तो होतो.

ऋतूही ठरवावा. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतेक चार महिन्यांत पडतो. आषाढातला घाट आणि वैशाखातला घाट हे दोन निराळे प्रदेश आहेत. आषाढात कड्याकड्यांवरून पांढरे धागे लोंबतात आणि बोगद्याच्या तोंडाशी ढग बसलेला असतो. वैशाखात काळा दगड, तांबडी माती आणि पानगळ झालेली झाडे. दर सात वर्षांनी फुलणारी कारवी ज्याला करायची असेल त्याने सबंध उतार जांभळा करावा आणि तेवढ्या एका पावसाळ्याला इमान राखावे. मला स्वतःला घाट आवडतो तो दिवाळीच्या सुमाराचा: पाणी ओसरलेले, गवत सोनेरी पडू लागलेले, हवा धुतल्यासारखी.

हा दिवाळीचा घाट मराठी मुलांना करता येतो. किंबहुना ती तो दर वर्षी करतात. अंगणात विटा-दगड रचून, त्यावर चिखलात भिजवलेले गोणपाट टाकून, त्याला हाताने माच्या आणि घळी पाडून जो किल्ला होतो, त्याची रीत आणि परदेशी पुस्तकात सांगितलेली डोंगराची रीत एकच आहे. तेथे तारेच्या जाळीवर प्लास्टरमध्ये बुडवलेले फडके टाकतात, एवढाच फरक. अळीव आणि मोहरी पेरून शेत उगवते, आरशाच्या तुकड्याचे तळे होते, आणि पुष्कळ किल्ल्यांच्या पायथ्याशी बोगदा असतो व त्यातून चावीची आगगाडी जाते. मापाचा हिशेब मात्र वेगळा. महाराज दरवाजापेक्षा उंच असतात, मावळा तोफेहून मोठा असतो, आणि खालच्या रस्त्यावर वाघाशेजारी वाहतुकीचा पोलिस उभा असतो. फूटपट्टीच्या मापाने हे चूक. मानाच्या मापाने बरोबर. जुन्या चित्रांत राजा दरबाऱ्यांहून थोर काढीत, तीच ही दृष्टी आहे. आगगाडीच्या मांडणीला फूटपट्टी सोडता येणार नाही हे खरे. पण प्रदेशाकडे पाहण्याचा जो निर्भयपणा दहा वर्षांच्या मुलाजवळ असतो, तो चाळिशीत तयार पेटी विकत घेताना कोठे जातो, हे मला कळत नाही. ह्या मुलाने कधी कोणाला विचारले नाही की किल्ल्यासाठी झाडे कोणत्या देशातून मागवू.

सामानाचेही तेच. तुळशीच्या वाळलेल्या काड्यांसारखी झाडाची फांद्यांची रचना कोणत्याही कारखान्याला जमलेली नाही. वाळलेल्या घोसाळ्याची जाळी कापून रंगवली की झुडपे होतात, काथ्या पिंजला की सुकलेले गवत, वाळवलेला चहाचा चोथा ही जंगलातली जमीन, आणि गेरू ही लोणावळ्याची माती, जवळजवळ अक्षरशः.

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरात पेंडन नावाचे एक संग्रहालय आहे. रॉय इंग्लंड नावाचा ऑस्ट्रेलियन तरुण १९२५ मध्ये तिकडे आला, तेथल्या खेड्यांतली गवती छपराची जुनी घरे बदलताना पाहून हळहळला, आणि ती घरे मोजून, तपासून, लहान मापात करीत बसला. त्याने गाव कल्पनेतले रचले, पण त्या गावात ठेवलेले घर न् घर कोठे ना कोठे खरोखर उभे असलेले. रेल्वे त्या मांडणीत आहे, परंतु मांडणी केली गेली ती घरांच्या काळजीने. एका परक्याने दुसऱ्याच्या मुलखाविषयी ही काळजी केली.

आपल्याकडे काळजी करण्याजोगे काही नाही, असे कोण म्हणेल? रिव्हर्सिंग स्टेशन १९२९ मध्ये संपले. घाटातला अमृतांजन पूल, ज्याच्यावरच्या मलमाच्या जाहिरातीने पिढ्यान् पिढ्या प्रवाशांना खंडाळा आल्याचे कळवले, तो २०२० च्या एप्रिलमध्ये, सारे लोक घरांत कोंडलेले असताना पाडला गेला. वाहतुकीला तो अडचणीचा होता. पाडणाऱ्यांशी माझे भांडण नाही. परंतु त्याची कमान किती रुंद होती, दगड कोणत्या ओळीने बसवले होते, शेवाळ कोणत्या बाजूला धरत असे, हे ८७ पट लहान करून ठेवलेली एखादी मांडणी असती तर ती आज किती मोलाची ठरली असती!

शेवटी माणसांविषयी. तयार पेटीत जी माणसे मिळतात त्यांत प्रवासी असतात, गार्ड असतो, बाकावर बसलेले जोडपे असते. बोरघाटाच्या मांडणीत ती पुरायची नाहीत. घाटाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले. पहिल्या कंत्राटदाराने ते सोडले. दुसरा, सॉलोमन ट्रेडवेल, १८५९ मध्ये येथे आल्यावर थोड्याच दिवसांत मेला आणि त्याची पत्नी ॲलिस हिने ते कंत्राट पुढे चालवले. ह्या बाईची एखादी प्रतिकृती कोणीतरी करील अशी आशा आहे. पण १८६१ मध्ये ह्या घाटात एके वेळी बेचाळीस हजार माणसे खपत होती. पटकीने आणि तापाने त्यांतली कित्येक तेथेच गेली. ती दोराला लोंबकळत कड्याला सुरुंगाची भोके पाडणारी, पहारी चालवणारी, आणि पाट्या वाहणारी माणसे होती; त्यांत बायकाही होत्या. ह्या मापात पाच फुटांची बाई पावणेदोन सेंटिमीटर भरते. तिच्या डोक्यावरची पाटी पाऊण सेंटिमीटरसुद्धा होत नाही, आणि नऊवारीचा काष्टा रंगवायला दोन केसांचा कुंचला लागेल. अशी बाई जर्मनीहून येणाऱ्या कोणत्याही पेटीत नाही. घाटाच्या पायथ्यापलीकडे पेणला गणपतीच्या डोळ्यांत प्राण आणणारे हात आहेत. त्यांच्यातल्या कोणाला तरी ही बाई घडवायला सांगावी, निदान बाराजणी तरी, सगळ्यांच्या माना निरनिराळ्या वळलेल्या, आणि मग त्या कोणत्या बोगद्याच्या तोंडाशी उभ्या करायच्या ते मांडणीवाल्याने ठरवावे.